शंभूराजचं स्थळ आणि हॉलंडची कंपनी

बिरदेव आबांच्या नातीचं, मनिषाचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. म्हणजे सन दोन हजार चोवीस. त्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी पार मागं सरलं होतं. धरणात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ शिखरापासून पायापर्यंत उघडं पडलं होतं आणि पुण्याची माणसं मोटारी घेऊन ते बघायला येत होती. पण आबांच्या घरात ते साल ओळखलं जातं ते मनिषाच्या लग्नावरून. कारण धाकटी बहीण उजवली आणि थोरला भाऊ शंभूराज तसाच राहिला.

लग्नात शंभूराजनं पंगती वाढल्या, पाहुण्यांच्या गाड्या लावून घेतल्या, नवरदेवाचा कानही पिळला. भेटेल तो पाहुणा त्याच्या पाठीवर थाप मारून विचारत होता, "काय शंभूराज, आता तुमचा नंबर कधी?" पोरगा प्रत्येकाला हसून दाखवत होता. संध्याकाळपर्यंत हसून हसून त्याचं तोंड दुखायला लागलं. वरात गेल्यावर तो पाण्याच्या टँकरमागं एकटाच बसलेला आबांना दिसला. डोळे मिटायच्या आत ह्या पोराच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या, दुसरं काही मागायचं नाही, असं आबांनी त्याच दिवशी ठरवलं.

पोरात खोट नव्हती. पदवीपर्यंत शिकलेला, केळीची बाग, घरचा ट्रॅक्टर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण शेतकरी नवरा म्हटलं की पोरीच फोन ठेवतात, असा काळ आलेला. त्यातूनही जी दोन-चार स्थळं आली ती मोडली. का मोडली हे आबांना कळत नव्हतं. त्यांच्या बायकोला, गोजरबाईला, कळलं होतं. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

ह्या बाबतीत आबा स्वतःला मोठे जाणते समजत. तरुणपणी त्यांच्या घरी मेंढरं होती. कळप हलायच्या आधी आबा एकटे पुढं जात. पुढच्या गावात चारा आहे का, पाणी आहे का, पाटील कसा आहे, कुत्री कशी आहेत, हे सगळं बघून येत. मेंढरं गेली, शेती आली, पण पुढं जाऊन बघायची सवय राहिली. मग भावकीत कुणाची सोयरीक निघाली की माणसं म्हणत, आबांना पुढं धाडा. आबा त्या गावात जायचे आणि सांगायचे, "मेंढा बघायला आलोय." मेंढ्याचे दात बघता बघता घरातली माणसं, विहिरीचं पाणी, सासूची जीभ, नवऱ्या मुलाच्या डोळ्याचा रंग, सगळं बघून यायचे. समोरच्यालाही कळायचं, हा मेंढा घेत नाही. पण तोही कळलंय असं दाखवायचा नाही. रीतच तशी. चौकशीला आलेलं माणूस कामाचं खरं कारण कधी सांगत नाही, आणि ज्या गावात ते येतं त्या गावानं त्या दिवसापुरतं चांगलंच बोलायचं. वैऱ्यानंसुद्धा. आज तुम्ही कुणाचं स्थळ मोडलं तर उद्या तुमच्या पोरीचं मोडणार.

मनिषाच्या लग्नाला महिना झाला असेल. हमरस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरून संभाजीचा फोन आला.

"आबा, पांढरी गाडी आलीया पुण्याची. एक बाई उतरल्यात. देऊळ कुठं हाय म्हणून विचारलं न्हाय. गाव कसं हाय म्हणून विचारत्यात."

"वय काय?"

"चाळिशीच्या वर आसंल. चष्मा हाय."

"मावशी!" आबा उठून उभेच राहिले. "पोरीची मावशी हाय ती. आई कधी पुढं येत न्हाय, मावशीला धाडत्यात. संभा, चहा साखरेचा दे, आन् मी येस्तोवर तिला हलू देऊ नगंस."

आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला. निघता निघता फोन लावले ते मानसिंग आणि विजयसिंह यांना. हे दोघं गावातल्या दोन पॅनलचे पुढारी. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून दोघांनी एकमेकांकडं बघितलेलं नव्हतं, आणि मागच्या ग्रामसभेत खुर्च्या हवेतून गेल्या होत्या. आबांनी दोघांना एकच वाक्य सांगितलं, "शंभूचं स्थळ आलंय, टपरीवर या." दहा मिनिटांत दोघंही हजर झाले आणि जन्माचे मित्र असल्यासारखे एका बाकड्यावर बसले. दोघांच्या मधे एक पिशवी मावेल एवढीच जागा होती; ती पिशवी त्यांनी ठेवली.

बाईंनी उठून नमस्कार केला. "मी माधवी. पुण्याहून आले. आजोबा, मी सरळच सांगते. एका हॉलंडच्या कंपनीला ह्या भागात केळीचं पॅकिंग आणि कोल्ड स्टोरेज उभारायचंय. परदेशात पैसा घालण्याआधी कंपन्या आम्हाला पाठवतात. तिथलं राजकारण कसं आहे, पैशाअडक्याची स्थिती कशी आहे, माणसं सुरक्षित राहतील का, हे पाहून आम्ही जोखीम किती ते सांगतो."

"परदेशात म्हंजे कुठं?" आबांनी विचारलं.

"त्यांच्या दृष्टीनं हाच परदेश. पळसदेव."

आबा गार पडले. उभ्या आयुष्यात त्यांनी नाना तऱ्हेची सोंगं बघितली होती. बैल बघायला आलोय, विहीर खणणारा शोधतोय, चुलत्याच्या औषधाला झाडपाला पाहिजे. स्वतः त्यांनी मेंढ्यावर जन्म काढला होता. पण ही काय बहार होती! एका दमात हॉलंड, आणि पळसदेवला परदेश करून टाकलं!

"ह्याच्या आदी कुठं कुठं जाऊन आलासा?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

"केनिया, व्हिएतनाम. मागच्या वर्षी घानात होते."

"घाना," आबा मान डोलावत म्हणाले. "झ्याक. लई झ्याक." आणि त्यांनी मानसिंगकडं बघून एक डोळा मिटला.

माधवीबाईंनी टॅब म्हणतात ती हातातली काचेची पाटी उघडली आणि विचारायला सुरुवात केली. गावात राजकीय तंटे आहेत का?

"तंटे?" मानसिंग म्हणाला. "आमी दोघं एका ताटात जेवतो."

"एका ताटात," विजयसिंहही म्हणाला, पण त्याचे दात एकमेकांवर दाबलेले होते.

"ग्रामसभेत मारामारी झाली होती असं पोलीस ठाण्यात कळलं."

"ती व्हय? साफसफाई चालली हुती. खुर्च्या हितनं तितं हलवत हुतो."

"दोघांच्या डोक्याला टाके पडले होते."

"खुर्च्या लोखंडी हुत्या," आबा म्हणाले.

बाई पाटीवर बोट फिरवत राहिल्या. पाण्याचं विचारलं तर बारमाही. वीज विचारली तर कधी जातच नाही. हे म्हणतानाच टपरीतला पंखा बंद पडला, तेव्हा संभाजीनं तो आपणच बंद केल्यासारखं बटणाला हात लावला. पाण्याच्या मोटारींच्या केबल चोरीला जातात का? चोरी हा शब्दच गावात कुणाला ठाऊक नाही.

आणि मग तो प्रश्न आला.

"आबा, पंचवीस ते पस्तीस वयाची, लग्न न झालेली मुलं गावात किती असतील?"

टपरीवरचे सगळे एकमेकांकडं बघायला लागले. बाईंनाच काहीतरी सांगावंसं वाटलं. "आमच्या कामात हे पाहावं लागतं. जिथं अशी मुलं फार, तिथं गडबड फार, असं आमची मोठी माणसं म्हणतात."

आबांची आता खात्री पटली. हॉलंड राहिलं हॉलंडात, मुद्दा शेवटी बाहेर आलाच. उत्तरही तयार होतं. चार पोरं सांगितली तर चार घरं बघायला जाईल.

"एकच," आबा म्हणाले. "माझा नातू. शंभूराज."

संभाजीच्या हातातली चहाची गाळणी खाली पडली. तो स्वतः एकतिशीचा होता आणि त्याच्यासाठी आईनं तीन देवांना नवस बोलले होते. मोठ्या माणसाला चारचौघांत कसं बोलणार? तो टपरीमागं गेला आणि त्यानं पोरांच्या ग्रुपवर टाकलं : 'टपरीवर पोरीची मावशी आलीया. आबांनी आपल्या सगळ्यांना बिनलग्नाच्यातनं काढलंय. आपुन हाय हे दिसाय पायजे.'

आबा बाईंना घर दाखवायला घेऊन निघाले, तर गाडीभोवती पोरं जमायला लागली होती. कुणी मळ्यातून आलं, कुणी बारामतीच्या एमआयडीसीतली पाळी टाकून. सगळ्यांनी इस्त्रीचे सदरे घातलेले, केसाला पाणी लावून भांग पाडलेला, तोंडाला पावडर. कुणी एक शब्द बोलत नव्हतं. हात मागं बांधून नुसती उभी होती आणि बाईंकडं बघत होती. गर्दी वाढतच चालली.

"मॅडम," ड्रायव्हर हळूच म्हणाला, "काचा वर घेऊ का?"

"ही कोण मुलं?" बाईंनी विचारलं.

"पावनी हायती," आबा म्हणाले. "लग्नाला आल्याली."

"इतकी? कुणाच्या लग्नाला?"

"झालं लग्न. महिना झाला."

बाईंनी पाटीवर बरंच काही लिहिलं.

घरी गोजरबाईनं आधीच पोहे टाकले होते. शंभूराज शेतात केळीला पाणी देत होता. त्याला निरोप गेला होता, पण पाटाच्या पाण्याचं दार धरून बसल्यामुळं तो येऊ शकत नव्हता, आणि आबांच्या मते ते चांगलंच होतं. कामाचं पोरगं कामावर दिसावं.

"तुमच्यानंतर ह्या घरातले निर्णय कोण घेणार?" बाईंनी विचारलं.

"शंभूच. त्याचा बाप लई गरीब हाय, हूं म्हणतो निस्ता."

"बाहेरून आलेलं माणूस इथं रुळतं का? गाव सामावून घेतं?"

"आमची ही बघा की," आबांनी गोजरबाईकडं बोट केलं. "दहिगावची. पन्नास वर्सं झाली. कुणी बाहेरची म्हणलं न्हाय."

"म्हणणाऱ्या सगळ्यांला पुरून उरले मी," गोजरबाई चुलीपासून म्हणाली.

"आणि समजा पटलं नाही, करार मोडून बाहेर पडायचं झालं, तर इथं त्रास देतात का? सामान अडवतात?"

आबांच्या घशात पोह्याचा घास अडकला. अजून बघाबघी नाही, पत्रिका नाही, आणि ही बाई काडीमोडाचं विचारते! काळ कुठल्या थराला गेला! पण मुलीकडच्यांची भीती आबांना कळत होती. त्यांनीही दोन लेकी दिल्या होत्या. पाणी पिऊन ते सावकाश म्हणाले, "बाई, ह्या घरातनं कुणाला जायचं आसंल तर आमी सोता यष्टीत बसवून देऊ. सामानासगट. भांड्यावरची नावं बी तशीच ऱ्हात्याल."

माधवीबाई पहिल्यांदाच चमकल्या. "हे व्हिएतनाममध्येसुद्धा कुणी मला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

गोजरबाई पदरानं हात पुसत पुढं आली. "बाई, येक सांगू का? हे आत्ता म्हणत्यात त्यातलं—"

आबांना असा जोराचा खोकला आला की दारातली कोंबडी उडाली. खोकला थांबेपर्यंत बाई उठल्या होत्या. आबांनी त्यांच्या ओटीत नारळ घालायला लावला, गाडीत केळीचा घड ठेवला, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे राहिले.

"जमलं," ते म्हणाले.

"काय जमलं?" गोजरबाई म्हणाली. "तुमच्या तोंडाला पट्टा न्हाय. सगळं ग्वाड सांगितलं की माणूस आत्तर पुसत घाण शोधतंय. मागली स्थळं अशीच गेली. भांडान न्हाय म्हणालासा, त्यांनी कोर्टात बघितलं. एक खोटं घावलं की पोराचं खरं बी खोटं होतंय."

आबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. आठवडाभर ते फोन खिशात, नाही तर उशाला ठेवून होते. आठव्या दिवशी तो वाजला.

"आबा, माधवी बोलतेय. माझं काही जुळत नाहीये. तुम्ही म्हणालात, गावात एकच अविवाहित. मतदार यादी वेगळंच सांगते. शिवाय त्या दिवशी गाडीभोवती तो जमाव होता. एकही घोषणा नाही, सगळे एकसारखे कपडे घातलेले. माझ्या साहेबांनी पळसदेव नकाशावर लाल केलंय. ती कसली संघटना आहे?"

"ते ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "मुलीचं नाव काय?"

"कुठली मुलगी?"

"तुमची भाची. जिच्यासाठी आलतासा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आबा फोन कानाला लावून ते हसणं ऐकत उभे राहिले. हॉलंड खरं होतं. घानासुद्धा खरं होतं. मग त्यांनी सगळं सांगितलं : मेंढा, शंभूराज, टँकरमागं बसलेलं पोरगं, इस्त्रीचे सदरे.

माधवीबाई हसायच्या थांबल्या. "आबा, ऐका. पळसदेवला भांडणं आहेत म्हणून साहेबांनी लाल रंग दिला नाही. भांडणं कुठं नाहीत? इथं काही भांडणच नाही म्हणून तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत, त्याची भीती वाटली. आता आमच्याकडचा दुसरा माणूस येऊन पडताळा घेईल. अंथुर्णं, सणसर, तुमचं गाव, तिन्ही बघेल. त्याला तेवढं खरं सांगाल?"

"भंडाऱ्याची आन," आबा म्हणाले. "त्याला सगळं सांगतो."

गावात बातमी फुटायला वेळ लागला नाही. संध्याकाळी पोरं अंगणात आली. "आबा, आमी मेलो काय? सगळ्या गावात येकच नवरा सांगितलासा?" आबांनी त्यांचीही माफी मागितली. मानसिंग आणि विजयसिंह यांनी मात्र मधली पिशवी उचलली आणि पुन्हा बोलणं बंद केलं.

पुढं पंधरा दिवसांनी मोटारसायकलवरून एक गडी आला. खिशाला दोन पेनं, हातात जाडजूड मोबाईल, पायात बूट. "मी अविराज," तो म्हणाला. "केळीच्या कंपनीकडनं आलोय. बागा बघत फिरतोय."

आबांनी त्याला खाटेवर बसवला, चहा सांगितला आणि तो यायच्या आतच सुरुवात केली.

"लिवून घ्या. हितं दोन पॅनल हायती आन् दोनी नालायक. खुर्च्या हाणल्या एकामेकाच्या डोक्यात, साफसफाई न्हवती ती. पानी उजनीचं, पर उन्हाळ्यात चर खणत पाण्यामागं पळावं लागतंय. केबल चोरीला जाती, मागल्या साली आमची मोटारच उचलून नेली. बिनलग्नाची पोरं मोजायची म्हणलं तर हाताची आन् पायाची बोटं पुरायची न्हाईत. लाईट रातची येती."

"आन् घर कसं हाय?" अविराजनं विचारलं.

"घराचं बी पायजे? लिवा. भावकीत बांधावरनं कोरटात केस हाय, आन् खरं सांगायचं तर बांध आमीच ईतभर कोरलाय. पोराचा बाप सांगंल तितं सही करतो. म्हातारी तोंडाची फाटकी हाय. मी लबाड हाय."

"आन् नातू?"

"राग लई. आला की बोलत न्हाय, दोन दिस फुगून बसतंय. क्रिकेट लागलं की केळी जळली तरी उठायचं न्हाय. आन् घोरतो. असा घोरतो, की ट्रॅक्टर चालू ठिवला का काय म्हणून एकदा मीच उठून बघून आलोय."

अविराज चहा पीत ऐकत होता. मग त्यानं हात धुवायला म्हणून मोरी विचारली, येताना स्वयंपाकघरात डोकावला, कणगीला टिचकी मारली, आणि बागेत जाऊन शंभूराजशी खताबद्दल बराच वेळ बोलला. जाताना नमस्कार करून गेला. गोजरबाई सगळा वेळ उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. एवढा मोठा कारभार चालला असताना ती एक शब्द बोलली नाही, ह्याचं आबांना नवल वाटलं.

चौथ्या दिवशी अंथुर्ण्याहून फोन आला. मुलगी आहे, स्वरूपा नाव, शिकलेली आहे, बघायला या. कुणी सुचवलं, कसं आलं, आबांनी विचारलंच नाही. देव पावला म्हणायचं आणि निघायचं. शंभूराजनं मनिषाच्या लग्नातला सदरा घातला, गोजरबाईही बरोबर निघाली. वाटेत आबा त्याला बजावत होते, "तिथं मी बोलन. तू निस्ता हास."

अंथुर्ण्यात सोप्यावर सतरंजी अंथरली होती. आबा पटका सावरून बसले, आणि गावाची गोडी कुठून सांगायला सुरुवात करावी ह्याचा विचार करत होते, तोच आतून पोह्यांच्या बशा घेऊन एक माणूस बाहेर आला. खिशाला दोन पेनं.

आबा अर्धवट उठले. "कंपनी हितं कशी?"

"मी पोरीचा मामा," अविराज म्हणाला. "खतं-औषधांचं दुकान हाय माझं. बागा बघायला आलोय म्हणून सांगितलं. रीतच हाय न्हवं?"

आबांनी डोळे मिटून घेतले. कोरलेला बांध, नालायक पॅनल, फाटक्या तोंडाची म्हातारी, ट्रॅक्टरसारखं घोरणं, सगळं एकापाठोपाठ त्यांच्या पुढून गेलं. मेंढ्याच्या नावावर जन्म काढलेला माणूस केळीला फसला होता, आणि आपल्या हातानं नातवाच्या अक्षतांवर पाणी ओतून बसला होता. त्यांनी शंभूराजचा दंड धरला. "चल बाळा. उठ."

"बसा, आबा," अविराजनं बशी त्यांच्या हातात दिली. "म्हणून तर बोलावलंय. ह्या सालात लई गावं फिरलो मी. जिकडं जाईन तिकडं पोरगा देवमाणूस, पाणी बारमाही, भावकीत रामराज्य. मला वाटाय लागलं, आपुन इंदापूर तालुक्यात हाय का वैकुंठात? तुमच्याकडं आलो तवा पयल्यांदा माणसात आल्यासारखं वाटलं. तुमी सांगितलं त्याच्या म्होरं आता वाईट काय निघणार? घरी येऊन सांगितलं, घर आसं आसं हाय. पोरगी म्हणाली, बोलवा."

आबांनी गोजरबाईकडं बघितलं. ती शांतपणे पोहे खात होती.

"तुला ठावं हुतं?" आबा कुजबुजले.

"कंपनीचा माणूस मोरी कशाला बघंल?" गोजरबाई म्हणाली. "म्हणलं, आज चाललंय खरं, तर चालू दे. पन्नास वर्सांत पयल्यांदा बोलत हुतासा."

स्वरूपा पाट न घेता सरळ सतरंजीवर येऊन बसली. अंथुर्ण्याच्याच एका शाळेत ती गणित शिकवत होती. रीतीप्रमाणं मुलीला नाव-गाव विचारायचं असतं. पण आबा अजून हातातल्या बशीतच बघत होते, तेव्हा तिनंच विचारलं. आणि ते शंभूराजला विचारलं.

"घोरण्याचं सांगितलंय ते खरं हाय का?"

शंभूराज कानापर्यंत लाल झाला. "मला कसं कळणार? मी झोपलेला असतो."

आत बायका खुदकन हसल्या. स्वरूपानंही पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आन् तो बांध?"

"तो मागं सरकवायचा," शंभूराज म्हणाला. "आबांना सांगितलंय मी. ऐकत न्हाईत."

"सरकवतो," आबा घाईनं म्हणाले. "उंद्याच सरकवतो."

लग्न ठरलं. बांध खरंच मागं सरकला, आणि कोर्टातली केस भावकीनं काढून घेतली, जरी त्यांचं म्हणणं अजून असं होतं की एक वीत कमीच सरकला.

हॉलंडच्या कंपनीचं काय झालं ते दिवाळीनंतर कळलं. माधवीबाईंनी सांगितलेला दुसरा माणूस पुढं खरंच आला होता. आबांनी त्यालाही सगळं सांगितलं, आणि नकाशावर पळसदेव लालाचं पिवळं झालं. सणसर हिरवं होतं. सगळं जमत आलं आणि कंपनीच फुटली. आबांनी लग्नाचं आमंत्रण द्यायला माधवीबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी ते सांगितलं. मालक दोन भाऊ होते, बापाच्या मागं त्यांचं वाटणीवरून बिनसलं, आता दोघं तिकडच्या कोर्टात उभे आहेत.

"भाऊबंदकी तिकडं बी हाय व्हय!" आबांना एकदम बरं वाटलं. "मग बाई, त्यांच्या घरची चौकशी कुणी केलती?"

"कुणीच नाही. आम्ही फक्त तुमचीच केली."

"अर्धंच काम केलंसा," आबा म्हणाले. "सोयरिकीला दोनी घरं बघाय लागत्यात."

लग्न पुढच्या वैशाखात अंथुर्ण्यात झालं. माधवीबाई आल्या होत्या. त्यांची पांढरी गाडी दिसताच पळसदेवची पोरं पुन्हा इस्त्रीच्या सदऱ्यात भोवती जमली, पण ह्या वेळी ड्रायव्हरनं काचा खाली घेतल्या आणि पानाचा डबा पुढं केला. पंगतीत मानसिंग आणि विजयसिंह एकमेकांकडं पाठ करून जेवले. आबांनी शंभूराजच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. टाकता टाकता त्यांच्या मुठीतल्या निम्म्या अक्षता पुढं उभ्या असलेल्या भटजींच्याच डोक्यावर गेल्या, कारण डोळ्यांत पाणी आल्यामुळं त्यांना नीट दिसत नव्हतं. गोजरबाईनं आपल्या मुठीतल्या त्यांना दिल्या.

बिरदेव आबा त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार पंचवीस साली, दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पळसदेवात राहत्या घरी वारले.